बियर मुरवायची, पण बेळगावच्या उन्हाळ्यात?

बियर मुरवायची म्हणजे वर्षानुवर्षं ठेवून जुनी करायची. एकांनी लिहिलंय की स्ट्राँग बियर जितकी जुनी तितकी भारी. अर्धंच खरं बघा. दुकानातली नेहमीची स्ट्राँग गाळून, पाश्चराइझ करून (तापवून, जंतू मारून) येते. ती ठेवून फक्त शिळी होते, ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. मुरते ती इम्पीरियल स्टाउट (काळी, जड, कडक बियर), बार्लीवाइन (नावात वाइन, पण कडक बियरच) किंवा बाटलीतच यीस्ट जिवंत असलेली बेल्जियन बियर.

मेव्हण्याने २०२१ मध्ये बेल्जियमहून अशाच एका बियरच्या, शिमे ब्लूच्या, तीन बाटल्या आणल्या. ९ टक्के अल्कोहोल, लेबलवर साल छापलेलं. पहिली लगेच फोडली: मिरमिरीत, मसालेदार, घशाला जरा झोंबणारी. दुसरी आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या जुन्या घरात, माजघरातल्या अंधाऱ्या कोनाड्यात तीन वर्षं उभी ठेवली. (आडवी नको, गाळ तळाला बसू दे.) फोडली तर झोंबणं गेलेलं, फेस बेताचा, आणि वास? मनुका, खजूर, थोडी शेरी वाइन, मागून आपल्या बेळगावी कुंद्यासारखा (दुधाची मिठाई) करपट खरपूस गोडवा. हवेतला ऑक्सिजन हळूहळू लागला की असं होतं. कडूपणाही ओसरतो, म्हणून आयपीए, म्हणजे मुद्दाम कडू ठेवलेली बियर, कधी मुरवू नये.

तिसरी? स्वयंपाकघराच्या माळ्यावर विसरली होती की. एप्रिल-मेची धग खाऊन सोया सॉस झाला नुसता.

१२-१३ अंश मिळत असेल तरच वर्षानुवर्षं ठेवा. आपल्याकडे ते फ्रिजशिवाय जमत नाही. माझ्या कोनाड्याचं नशीब म्हणा. आणि एकच बाटली असेल तर सरळ पिऊन टाका की, तुलना कशाशी करणार?