तोंड तेलकट, पाय कोरडे: एकाच मॉइश्चरायझरवर भागेल का?

परभणी_वसमत_रोड:
बोअरचं जड पाणी आहे. तोंड धुतलं की गाल ओढल्यासारखे होतात, दुपारी मात्र कपाळ-नाक तेलकट. हनुवटीवर बारीक पुळ्या. पायावर नखानं ओढलं तर पांढरी रेघ उमटते, टाचांना भेगा आहेत. दुकानात जेल, लोशन, क्रीम, सगळ्यांवर ‘सर्व प्रकारच्या त्वचेसाठी’ लिहिलंय. सगळ्या घरासाठी एकच मोठी बाटली घ्यावी का?

मेडिकलवाला_लातूर:
ताई, एकीत भागणार नाही. तोंडाचं वेगळं, पायाचं वेगळं.

धुतल्यावर ओढतं आणि नंतर तेल सुटतं, म्हणजे त्वचेत पाणी कमी आहे, तेल कमी नाही. अशा चेहऱ्याला जेल किंवा पातळ लोशन घ्या. बाटलीमागच्या घटकांच्या यादीत ग्लिसरीन, नायसिनामाइड, सेरामाइड, डायमेथिकोन यातली दोन-तीन नावं दिसली तरी पुरे. यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं असते (१ टक्क्याच्या खालचे घटक कसेही लिहिता येतात), त्यामुळे पुढे मोठ्या अक्षरात बदाम आणि मागे तो अगदी शेवटी असेल तर पैसे नावाचे जातात.

पायांना १० टक्के युरियाचं क्रीम. टाचांना २० ते २५ टक्के, कारण तेवढ्या प्रमाणात युरिया जाड, मेलेली कातडी सैल करतो. भेगेतून रक्त येत असेल तर युरिया झोंबतो. आधी भेग बुजेपर्यंत रात्री साधी पेट्रोलियम जेली आणि सुती मोजे. घरात शुगरचा पेशंट असेल तर त्याच्या भेगा आधी डॉक्टरला दाखवा, ब्लेडनं कातडी तर अजिबात कापू नका.

गोदाकाठ:
क्रीम बदलण्याआधी साबण बदला. साध्या साबणाचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) ९-१०, त्वचेचा ५ च्या आसपास. त्यात जड पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी मिळून चिकट थर करतं, तो अंगावर राहतो. बादलीला बसतो तोच. सिंडेट बार (दिसायला साबणाची वडी, पण आत साबण नसतो) किंवा साबणविरहित फेसवॉश घ्या, पाणी कोमट ठेवा, आंघोळ दहा मिनिटांच्या आत.

मग टॉवेलनं घासायचं नाही, टिपायचं. अंग दमट असतानाच तीन मिनिटांत लावायचं. वाळलेल्या कातडीवर महागातलं क्रीमही तेवढा गुण देत नाही. माप: तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून ओढलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, ती बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. गुडघ्याखालच्या एका पायाला तीन-चार रेघा लागतात. बहुतेक लोक एकीतच दोन्ही पाय उरकतात आणि मग क्रीमला नावं ठेवतात.

परभणी_वसमत_रोड:
आणि खोबरेल? घरात ग्लिसरीन-गुलाबजलही आहे.

मेडिकलवाला_लातूर:
खोबरेल हातापायाला उत्तम, तेही ओल्या अंगावर. पुळ्या असलेल्या तोंडाला नको, छिद्रं बुजतात. निव्वळ ग्लिसरीन कोरड्या हवेत वरून पाणी मिळेना की खालच्या थरातलंच ओढतं. एक भाग ग्लिसरीनला तीन भाग गुलाबजल घ्या, वरून जेली किंवा तेलाचा पातळ हात फिरवा. हे मिश्रण थोडंच करा, फ्रिजमध्ये ठेवा, आठवड्यात संपवा.

त्वचा_आणि_ऊन:
हंगामाचं राहिलं. डिसेंबर-जानेवारीत क्रीम, एप्रिलपासून जेल. पण मराठवाड्यातला उन्हाळा दमट नाही, म्हणून मॉइश्चरायझर बंद करू नका. वाळ्याच्या कूलरच्या खोलीत हवेला ओल असते, तिथे जेल पुरतं. एसीत मात्र लोशन लागतं. सकाळी आधी मॉइश्चरायझर, मग सनस्क्रीन.

नवीन काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला, रोज दोनदा, सात दिवस. ‘अनसेंटेड’ला भुलू नका, त्यात वास झाकणारा वास असू शकतो, ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ बघा. मेडिकलवर कुणी ‘गोरेपणाची’ म्हणून बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोलची ट्यूब दिली तर परत करा. ते स्टेरॉइड आहे. तोंडाची कातडी पातळ होते, केस उगवतात, सोडलं की लाली भडकते.

आणि जेली-पॅराफिन मुरलेले मोजे, चादरी चुलीपासून, बिडीपासून लांब ठेवा. असा कपडा लवकर पेटतो, आणि साध्या धुण्यानं ते पूर्ण निघत नाही.

परभणी_वसमत_रोड:
बरं. म्हणजे तोंडाला फ्रॅग्रन्स-फ्री जेल, पायाला युरिया १०. डबा घ्यावा की ट्यूब?

मेडिकलवाला_लातूर:
ट्यूब. डब्यात घरभराची बोटं जातात.