‘स्मोक ऑन द वॉटर’ गिटारवर बसवताना : तुमचे अनुभव लिहा

इलेक्ट्रिक गिटार हातात आली की पहिली धून ठरलेली : डीप पर्पल या रॉक बँडचं ‘स्मोक ऑन द वॉटर’, १९७२च्या ‘मशीन हेड’ अल्बममधलं. दुकानात गिटार बघायला आलेलं प्रत्येक पोरगं हेच वाजवतं आणि काउंटरवरचा माणूस कपाळाला आठ्या घालून गप्प बसतो. डी आणि जी या दोन तारा एकदम छेडायच्या. आधी मोकळ्या, मग तिसरा फ्रेट (गिटारच्या दांडीवरचा खण), मग पाचवा, आणि दुसऱ्या तुकड्यात मध्येच सहावा. एवढंच. एका दुपारी येतं म्हणतात. माझ्या मते एका दुपारी फक्त सूर येतात. तुमचं कुठे अडलं, कोणी सोडवलं, शेजारच्यांनी काय केलं, सगळं लिहा. क्लासची आणि सरांची नावं तेवढी नकोत.

*

माझं अडलेलं ताईने सोडवलं. ती तबला शिकलेली, रॉकशी तिचा काडीचा संबंध नाही. स्वयंपाकघरातून ओरडली, “ठेव ती गिटार आणि टाळी दे.” पहिल्या तुकड्याचे तीन स्वर सरळ मात्रांवर पडतात. दुसऱ्या तुकड्याचा पहिला स्वर मात्र समेच्या अर्धी मात्रा आधीच येतो, सम रिकामी जाते, आणि पुढचे दोन स्वरही मात्रांच्या मधेच पडतात. तुकड्याचा शेवटचा स्वर तेवढा तिसऱ्या मात्रेवर येऊन टेकतो. हाताने टाळी आणि तोंडाने धून, असं आठवडाभर चाललं होतं. गिटारला हात लावायचा नाही अशी अट. सगळे स्वर मात्रेवर सरळ टाकणारे व्हिडिओ बघवत नाहीत आता.

*

आमच्या वेळी व्हिडिओ कुठले! मुंबईत वाढलो, मित्राच्या वडिलांचा जुना रेकॉर्ड प्लेयर होता. त्यावर ३३, ४५, ७८ शिवाय १६चाही वेग होता. एलपी १६वर लावली की गाणं बरोबर निम्म्या वेगाने आणि एक सप्तक खाली वाजायचं. गायक राक्षसासारखा घोगरा व्हायचा, पण सोलोतला (एकट्या गिटारच्या तुकड्यातला) एकेक स्वर सुटा ऐकू यायचा. मी तो असाच वहीत उतरवून घेतला. बाकीचं शिक्षण धोबी तलावच्या रंगभवनात. तिथे १९८६पासून इंडिपेन्डन्स रॉक हा रॉक बँडचा महोत्सव व्हायचा. लोक उड्या मारायचे आणि मी स्टेजच्या कडेला उभा राहून गिटारवाल्याचा डावा हात बघायचो. मागचे शिव्या घालायचे, “ए, खाली बस!”

*

पिकने (तार छेडायच्या चकतीने) वाजवू नका हो! डीप पर्पलचा गिटारवाला रिची ब्लॅकमोर ही धून बोटांनी वाजवतो. दोन्ही तारा एकाच क्षणी खेचल्या जातात, म्हणून तो ठोस आवाज येतो. पिकने आधी एक तार वाजते, मग दुसरी. फरक केसाएवढा, पण कानाला कळतो. आणि पॉवर कॉर्डवर वाजवणाऱ्यांना हात जोडून विनंती : ते सा-प होतं. इथे वर सा आणि खाली मंद्र पंचम आहे.

*

वरच्यांनी सा-प काढलंच आहे, तर बाबांची गोष्ट सांगते. नागपूरचं घर, बाबा हार्मोनियम वाजवणारे. माझा रियाज (त्यांच्या भाषेत ‘खणखण’) ऐकून एकदा पेटी घेऊन समोर बसले. सा, कोमल ग, म. सा, कोमल ग, तीव्र म, शुद्ध म. तिथे थांबले. “दोन मध्यम लागोपाठ? हा तर ललितातला प्रकार.” मग स्वतःच म्हणाले, गंधार कोमल आहे, म्हणजे ललित नव्हे. पण त्यानंतर खणखण हा शब्द ऐकला नाही. मी गिटार आणि ते पेटी, असं आम्ही मिळून वाजवायचो. मूळ गाण्यातही बँडचा ऑर्गनवाला जॉन लॉर्ड हीच धून हॅमंड ऑर्गनवर वाजवतो, तोही गिटारच्या मार्शल अ‍ॅम्पमधून, त्यामुळे ऑर्गन आणि गिटार वेगळे काढता येत नाहीत. पेटी मात्र लगेच वेगळी कळायची!

*

शेजाऱ्यांचं विचारलंत म्हणून लिहितो. मी स्वित्झर्लंडमध्ये लोझानला राहतो, माँट्रो तिथून रेल्वेने अगदी जवळ. ४ डिसेंबर १९७१ला तिथल्या कॅसिनोत अमेरिकन रॉक संगीतकार फ्रँक झापाचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकातल्या कोणीतरी फ्लेअर गन (इशाऱ्याचं जळतं दारूकाम उडवणारं पिस्तूल) झाडली, छत पेटलं आणि कॅसिनो जळून खाक झाला. जिनिव्हाच्या सरोवरावर पसरलेला तो धूर म्हणजेच हे गाणं. डीप पर्पल त्याच कॅसिनोत रेकॉर्डिंग करणार होते. मग ते पॅव्हेलियन नावाच्या थिएटरात गेले. रात्री या गाण्याचं वाद्यांचं रेकॉर्डिंग चालू असताना गावकऱ्यांच्या तक्रारीवरून पोलीस आले, आणि टेक पूर्ण होईपर्यंत बँडची माणसं आतून दार दाबून उभी राहिली. दुसऱ्या दिवसापासून तिथे बंदी, म्हणून बाकीचा अल्बम हिवाळ्यात बंद असलेल्या ग्रँड हॉटेलात झाला. आमच्या पुण्याच्या सोसायटीत सेक्रेटरी वर आले की मी आईला हीच गोष्ट ऐकवायचो. दार तिनेच उघडलं, दर वेळी.

*

रत्नागिरी. आमच्याकडे जूनमध्ये तारांना हात लावला की बोटं तांबूस. वाजवून झाल्यावर सुक्या फडक्याने प्रत्येक तार वरून-खालून पुसायची आणि गिटार केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवायची. भिंतीवर टांगून शोभेला ठेवू नये. एवढंच.

*

ताईचं म्हणणं पटलं, मला सुरुवातीला हेच सांगायचं होतं. गाणं त्या रिकाम्या जागांत आहे, आणि गेन (आवाज फाटेपर्यंत वाढवायचं बटण) चढवलेल्या अ‍ॅम्पवर त्या जागा रिकाम्या ठेवणं सर्वांत कठीण. फ्रेटवर दाबलेला स्वर बोट सैल केलं की थांबतो. मोकळी तार थांबत नाही, ती मुद्दाम हाताने दाबून गप्प करावी लागते, नाहीतर पुढच्या स्वरात घुसते. उपाय आहे. मोकळ्या डी आणि जीऐवजी ए आणि डी तारांवरचा पाचवा फ्रेट धरा. सूर तेच, आणि बोट सैल केलं की शांत. उडी थोडी वाढते, एवढंच. सोलो बसवलेल्यांनी अजून कोणी तोंड उघडलेलं नाही. रंगभवनवाले काका, ती वही अजून आहे का?