मदत हवी आहे: ऑटोमॅटिक पिकअप घाटात स्लिप होतेय

मंडळी, आमची डिझेल पिकअप टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिनची ताकद ऑईलमधून गिअरबॉक्सला देणारी) ऑटोमॅटिक आहे. थंड असताना झकास चालते. पुण्याहून माल भरून येताना खंबाटकी घाटात मात्र तिसऱ्यातून चौथा पडताना इंजिन नुसतं रेस होतं, आरपीएम वर, गाडी रेंगाळते, मग खाडकन झटका. गरम झाल्यावर रिव्हर्सही उशिरा लागतो. गिअरबॉक्सच्या ऑईलची लेव्हल बरोबर आहे (गरम असताना, इंजिन चालू ठेवून बघितली), पण रंग काळपट आणि करपल्याचा वास. स्कॅनरवर गिअर रेशोचा कोड येतो (म्हणजे गिअर नीट पकडत नाही), सोलेनॉइडचा (ऑईलची वाट उघड-बंद करणाऱ्या इलेक्ट्रिक व्हॉल्व्हचा) नाही.

साताऱ्यातले मिस्त्री थेट गिअरबॉक्स उतरवू म्हणतात. मला ती घाई वाटते. आधी लाइन प्रेशर (गिअरबॉक्समधल्या ऑईलचा दाब) मोजायला नको का? कमी निघालं तर पंप, फिल्टर, व्हॉल्व्ह बॉडी (ऑईल हव्या त्या गिअरकडे वळवणारा भाग) बघायची; बरोबर असेल तर गिअरबॉक्सच्या आतल्या क्लच प्लेटांवर संशय, असंच ना? प्रेशर गेज असलेलं गॅरेज कराड-सांगलीकडे कुणाला माहीत आहे?