मदत हवी आहे: कालव्यावर टर्बाइन बसवावं की आधी पंप बदलावेत?

उपसा सिंचन योजनेत ५० एचपीचे चार पंप, वर्षाला २.७ लाख युनिट. प्रवाह, हेड (पाणी उचलण्याची उंची, पाइपातल्या घर्षणासकट), वीज मोजल्यावर एकूण कार्यक्षमता ३८ टक्केच निघाली. ६० टक्क्यांवर नेली तर तेवढ्याच पाण्याला सुमारे १ लाख युनिट वाचतात.

दुसरा प्रस्ताव कालव्याच्या १२ मीटर उतारावर क्रॉसफ्लो टर्बाइनचा (यात पाणी चाकाच्या पात्यांमधून आडवं आरपार जातं). ०.५ घनमीटर प्रतिसेकंद, ६० टक्के कार्यक्षमता, म्हणजे ३५ किलोवॅट. पण आवर्तनं (कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळ्या) वर्षात १२० दिवसच, म्हणजे तेही १ लाखच! वर गाळ, कचरा-जाळी तुंबणं आलंच. माझा कल पंपांकडे.

अडचण अशी: नवा पंप जास्त पाणी उचलेल; तास तेच राहिले तर बिल कसं घटणार? इंपेलर (पंपातलं पाणी ढकलणारं चाक) कापून लहान करून घ्यावा की मोटरच लहान घ्यावी? गंजलेल्या पाइपाचं घर्षण आधी कसं मोजावं?