मदत हवी आहे: "लिहायला कधी शिकवणार?" म्हणणारे पालक

नमस्कार मंडळी. कोथरूडच्या एका बालवाडीत यंदापासून मुख्य ताई म्हणून काम बघतेय. मुलांचं काही नाही हो, प्रश्न मोठ्यांचा आहे! छोट्या गटातली पोरं कणीक मळतात, मणी ओवतात, चिमटीने राजमा उचलून वाटीत टाकतात. बोटांत ताकद आल्याशिवाय पेन्सिल धरणार कशी? पण गेटवर रोज तेच, "शेजारच्या शाळेत एबीसीडी लिहून झाली." २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही ३ ते ८ वर्षांचा पायाभूत टप्पा खेळातून शिकण्यावरच भर देतो, हेही सांगून झालं. त्यात माझ्या हाताखालच्या नवीन ताई पालकांना घाबरून गुपचूप गिरवायला देतात. पालकसभेत तुम्ही नेमकं काय दाखवता? आणि ताईंना न दुखावता कसं सांगायचं?