स्वभाव म्हणजे बालपणाची जखम? मनोविश्लेषणावर किती विसंबायचं?

धागाकर्ती: कुणी जरा जवळ आलं की मी मागे सरते. वर्षभर मनोविश्लेषण पद्धतीच्या (म्हणजे आजच्या त्रासाचं मूळ बालपणात आणि मनात दडलेल्या गोष्टींत शोधणाऱ्या) थेरपीला जाते आहे. ‘माझा स्वभावच तसा’ म्हणत इतकी वर्षं काढली, ते चुकलंच असं आता वाटतं. आमच्या घरात रडलेलं चालत नसे. ब्रिटिश मनोविश्लेषक जॉन बोल्बी म्हणतो, मी हाक मारली तर कुणी येईल का, याचा अंदाज मूल सांभाळणाऱ्या माणसांवरून बांधतं आणि पुढे प्रत्येक नात्यात तोच लावतं. स्वभावाचं मूळ इथेच आहे असं माझं ठाम मत झालंय.

प्रतिसाद १: असहमत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम केगनला चार महिन्यांच्या बाळांतच फरक दिसला होता: काही बाळं नवीन आवाजाने, नवीन खेळण्याने फार अस्वस्थ होतात, आणि त्यांतली बरीच पुढे बुजरी निघतात. ही उपजत ठेवण. शिवाय तीस वर्षांनी आठवलेलं बालपण पुरावा कसं धरायचं? मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्याने १८९६ मध्ये हिस्टेरियाचं (शारीरिक कारण न सापडणारे झटके, लुळेपणा वगैरे) मूळ बालपणीच्या लैंगिक अत्याचारात आहे असं मांडलं. १८९७ मध्ये त्याचाच त्यावरचा विश्वास उडाला. आणि या साऱ्यात बोट शेवटी आईकडेच जातं, याचा मला खरंच राग येतो.

प्रतिसाद २: फ्रॉइडचं उदाहरण तुमच्या विरोधात जातं. त्याने मत बदललं आणि खऱ्या अत्याचाराच्या आठवणींकडेही कल्पना म्हणून पाहिलं जाऊ लागलं. त्याचाच सहकारी फेरेन्त्सीने १९३२ साली ‘हे खरंच घडतं’ असं पुन्हा मांडलं, तर फ्रॉइडलाच ते रुचलं नाही. आठवणींचं म्हणाल, तर मानसशास्त्रज्ञ मेरी मेनच्या, मोठ्या माणसांना बालपणाबद्दल विचारणाऱ्या मुलाखत-पद्धतीत काय घडलं यापेक्षा माणूस ते कसं सांगतो याला महत्त्व आहे. खडतर बालपण सुसंगतपणे, मोकळेपणी सांगू शकणारा माणूस तिथे ‘सुरक्षित’ गटातच, म्हणजे जवळच्या नात्यांत निर्धास्त असणाऱ्यांत धरला जातो.

प्रतिसाद ३: रोमानियातल्या अनाथालयांतून सहा महिन्यांच्या आत दत्तक गेलेली मुलं बहुतांशी सावरली, जास्त काळ राहिलेल्यांपैकी अनेकांना मोठेपणीही त्रास होता. पण ती टोकाची आबाळ होती. तो निष्कर्ष साध्या घरांना लावू नये.

धागाकर्ती: @प्रतिसाद १, मी जन्मतःच बुजरी असेनही, हे मान्य. आईला मी दोष देत नाही. तिलाही कुणी रडू दिलं नव्हतं. पण थेरपीत पहिल्याच दिवशी ‘बालपण कसं होतं?’ विचारलं, तेव्हा मी चटकन ‘छान’ म्हणाले. ‘एखादा प्रसंग सांगा’ म्हटल्यावर तास संपेपर्यंत मला एकही सांगता आला नाही.