मदत हवी आहे: मामाच्या समईऐवजी द्राक्षं उघडतात!
पंचवटीतल्या मामाचं पितळी भांड्यांचं दुकान आणि पिंपळगावच्या मावसभावाची द्राक्षं, दोन्हींच्या साइट एकाच उबंटू सर्व्हरवर अपाची २.४ (साइट दाखवणारं सॉफ्टवेअर) मध्ये ठेवल्यात. साध्या नावाने दोन्ही नीट उघडतात. पण भांड्यांच्या नावाआधी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलं की ब्राउझर सर्टिफिकेटवरून कुरकुरतो, आणि तरीही पुढे गेलं तर समोर द्राक्षांचे घड! मामा म्हणतो, "गिऱ्हाईक समई शोधतंय, तू थॉमसन द्राक्षं काय दाखवतोस?"

शोधल्यावर दिसलं, सर्व्हरअलायस (साइटचं दुसरं नाव सांगणारी ओळ) फक्त ८० पोर्टच्या (साध्या http च्या) ब्लॉकमध्ये आहे, ४४३ च्या (सुरक्षित https च्या) नाही. नाव जुळलं नाही की अपाची पहिला व्हर्च्युअल होस्ट (एका साइटचा सेटिंग-ब्लॉक) उचलतो, आणि सेटिंगच्या फाइली इंग्रजी अक्षरक्रमाने वाचल्या जातात, म्हणून 'डी'ची द्राक्षं 'पी'च्या पितळेआधी येतात.

आता ४४३ मध्ये अलायस टाकला की भागेल, की सर्टिफिकेटही दोन्ही नावांसाठी नव्याने काढावं लागेल? अपाची बंद न करता नुसता रीलोड (सेटिंग पुन्हा वाचायला लावणं) पुरेल ना? द्राक्षांची साइट पाच मिनिटंही बंद ठेवायची नाहीये, हंगाम चालू आहे.